थरावर पडलेलं पाणी

"तू जरा दाराबाहेर उभी राहा," सर म्हणाले.

खंडेनवमी होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा. टेबलावरचं यंत्र मी जुळवलेलं. केसासारख्या तारेची कॉइल मी गुंडाळलेली. पूजेला मात्र मी व्हरांड्यात.

सरांनी तांब्यातलं गंगेचं पाणी बोटांनी टेबलावर शिंपडलं. शुद्ध करायला. कशापासून, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी दारातूनच ओरडले, "सर, चकतीवरचा थर उघडा आहे! पाणी पडू देऊ नका."

"गंगेचं पाणी आहे. त्यानं काही बिघडत नसतं. वाईट वाटून घेऊ नकोस हं, रीत असते."

मग पेढे वाटले. मलाही दिला. वरून, हातावर टाकून.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. वीज जराही न अडवणाऱ्या नव्या पदार्थांचं सगळ्यांनाच वेड लागलं होतं. मुंबईच्या एका प्रयोगशाळेनं आम्हाला नखाएवढी चकती दिली होती, वर असल्या पदार्थाचा काळा, पातळ थर. द्रव नायट्रोजननं गार केला की तो चुंबकत्वाला आत शिरू देत नाही. सगळ्या जागी सारखंच अडवतो का, हे कॉइल वरून हळूहळू सरकवत मोजायचं. हे माझं एम.फिल.चं काम. नायट्रोजन मी गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्रातून आणायची. तिथला माणूस चिडवायचा, "ताई, म्हैस कुठंय?" मीही हसायची. घरात एवढं शिकणारी मी पहिलीच. खरंच सुखात होते मी.

सुट्टीनंतर मोजलं. जिथं थेंब पडले होते तिथं थर मेला होता. चुंबकत्व आरपार जात होतं. मी तिथंच रडले.

सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "उद्या मुंबईचे साहेब येतायत. सांग, 'माझ्या हातून ओलं झालं.' मी सांभाळून घेईन. तुम्हा लोकांकडून कुणी फार अपेक्षा करत नाही."

घरी आईला सांगितलं. आई इगतपुरीची. रेल्वेच्या साहेबांकडे धुणीभांडी करण्यात तिचा जन्म गेला. ती म्हणाली, "म्हण की चुकलं. तोंडानं म्हनाया काय जातंय? शिक्षान तर पुरं व्हईल."

फुटलेला कप, हरवलेला चमचा, जळालेली इस्त्री. न केलेल्या किती चुका तिनं मान खाली घालून कबूल केल्या होत्या. रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या साहेबांनी विचारलं, "कशानं झालं हे?"

सर माझ्याकडे बघत होते.

"पाण्यानं," मी म्हणाले. "माझ्या जातीचा विटाळ काढायला सरांनी शिंपडलं."

साहेबांनी चकती डबीत घातली, डबी खिशात ठेवली. चहा न घेता निघून गेले.

लवकरच माझ्या जागी दुसरा मुलगा आला. एम.फिल. राहिलं ते राहिलंच. आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. ते सगळ्यात जास्त लागलं. अजून लागतं.

पण तेव्हाच ठरवलं. उपाशी राहीन, काम सुटलं तर सुटू देईन. न केलेली चूक कबूल करणार नाही. आईनं केल्या तेवढ्या पुरे झाल्या. आमच्या घरात आता ते कुणीही करणार नाही.