हललेला फोटो

कपाट आवरताना अप्पांच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याची पिशवी सापडली आणि लातूरचं ते दुकान आठवलं. अप्पा म्हणजे माझे वडील. औशात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. क्लासच्या पोरांना फॉर्मसाठी फोटो लगेच हवे असायचे, म्हणून रोलचा जुना कॅमेरा बदलायला मीच त्यांना ओढून नेलं होतं. "काका, फोटो हलला की हे बटन दाबा, पुसून जातंय," दुकानदार म्हणाला. "पुसलेला परत येतो का?" अप्पांनी विचारलं. "न्हाई की." अप्पांनी कॅमेरा घेतला तोच, पण परतताना एसटीत म्हणाले, "भूकंपानंतर एक बाई आली होती. ढिगाऱ्यात गेलेल्या लेकीचा फोटो मागत होती. जत्रेत मीच काढलेला, एकुलता एक. पोरगी हलली म्हणून निगेटिव्ह फेकून दिली होती मी. बाई म्हणली, हललेला बी चालला असता हो." पुढे ते बटन त्यांनी कधीच दाबलं नाही. आज कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावून पाहिलं. शेवटचे फोटो सगळेच हललेले आहेत. पोरं नीट बसलीत. अप्पांचेच हात तेव्हा थरथरायला लागले होते.