पंचनाम्यातली एक खोटी ओळ

मी तलाठी होतो. आता ऐंशीच्या घरात आहे. थांबत थांबत लिहितो आहे. जे लिहायचं आहे ते एका कागदाबद्दल. तो मी लिहिला, त्यातली एक ओळ खोटी आहे, आणि त्या ओळीमुळे एका माणसाला उरलेलं आयुष्य बायकोच्या मरणाचा दोष अंगावर घेऊन काढावं लागलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात माझ्याकडे तीन गावं होती. सातबारा, पीकपाहणी यांच्या जोडीला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून तहसीलला कळवणं हेही माझंच काम. मोजण्याजोगा पाऊस फारसा पडत नसे. वादळ झालं की मात्र पोस्टातल्या फोनवर तहसीलची विचारणा सुरू होई. किती घरं पडली, किती जनावरं मेली, माणूस दगावलं का. आम्ही सांगितलेला आकडा नगरला आणि तिथून मुंबईला जाई. आकडा उशिरा दिला तर बोलणी बसत. त्या घरी जाऊन यायला उशीर झाला तर कुणी काही म्हणत नसे.

मे महिन्यातल्या एका सोमवारी संध्याकाळी वारा सुटला, मागोमाग गारा आल्या. अर्ध्या तासात सगळं शांत झालं. गावाच्या कडेला एका शेतमजुराचं मातीचं घर होतं. त्याचे पत्रे उडून ओढ्यात जाऊन पडले, तीन भिंती बसल्या. मागची एक तेवढी उभी राहिली, आतल्या अंगाला कललेली. घरात तो, त्याची बायको आणि आठ वर्षांची मुलगी. तिघांनाही खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी कोतवालाकरवी गावात निरोप फिरवला की पंचनामा होईपर्यंत पडझडीला कुणी हात लावू नये. असा नियम मी कुठल्याही शासकीय कागदात वाचलेला नाही. आम्ही तसं सांगत असू, कारण लोकांनी डागडुजी करून टाकली की नुकसान किती हे ठरवताना वाद होत आणि वरून आमच्यावर शंका घेतली जाई. आमची सोय होती ती. लोक तिला कायदा समजत.

त्याच दिवशी हा माणूस चावडीवर आला. चारचौघं बसलेली होती.

"भाऊसाहेब, मागची भिंत लई कललीय. उतरून घेऊ का? आमी दोघं मिळून तासाभरात करतो."

"हात लावू नको," मी म्हणालो. "वाऱ्यानं पडली का तू पाडली, हे मी कसं ठरवू?"

"मंग तुमीच चला की. पाच मिंटाचा रस्ता हाय."

"नुसतं बघून होतं का? पंच लागतात, टेप लागतो. नंबर येऊ दे तुझा."

कोतवाल मिशीत हसला. "भिंतीला सांग, भाऊसाहेब येईस्तवर हलू नको म्हणावं."

सगळे हसले. तोही हसला आणि गेला.

बुधवारी माझ्या यादीत त्याचं घर दुसरं होतं. पहिलं नाव एका बागायतदाराच्या डाळिंबाच्या बागेचं. बाग मोजता मोजता बारा वाजले आणि त्यांनी जेवायला थांबवलं. ओसरीवर रेडिओ चालू होता. बातम्यांनंतर हवामान सांगितलं. मध्य महाराष्ट्रात येत्या चोवीस तासांत विजांच्या कडकडाटासह वादळी वाऱ्याची शक्यता. मी ते स्पष्ट ऐकलं. माझ्या मनात आलं ते एवढंच, की दप्तर भिजायला नको.

जेवून निघालो तेव्हा तो रस्त्यात उभा होता. उन्हात किती वेळ उभा होता कोण जाणे.

"आज येताय ना, भाऊसाहेब? न्हाईतर पाडू का?"

"उद्या सकाळी पहिलं तुझं घर," मी म्हणालो. "एक दिवस कळ काढ."

"तिथंच चूल मांडलीय बायकोनं. दुसरा आडोसाच न्हाई."

मी लुनाला किक मारली. त्याच्या घरावरूनच गेलो. त्या भिंतीच्या सावलीत त्याची बायको धान्य निवडत बसली होती. मला बघून तिनं पदर सारखा केला. मी थांबलो नाही. कारण काही नव्हतं, जेवणानंतर डोळे जड झाले होते.

दिवस मावळताना पुन्हा वारा आला. आदल्या वादळाच्या निम्मासुद्धा नसेल. बाई भाकरी टाकत होती. मुलगी शेजारी गेली होती, तो ओढ्यातून पत्रा ओढून आणत होता. भिंत तिच्या अंगावर आली. लोकांनी हातांनी माती उपसली. मी पोचलो तेव्हा तिला बाहेर काढून ठेवलं होतं आणि तो तिच्या कानातली माती करंगळीनं काढत होता.

त्या रात्री मी पंचनामा लिहिला. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचा दबाव नव्हता. पंचांच्या सह्या कोऱ्या कागदांवर आधीच घेऊन ठेवायची मला सवय होती. तारीख मंगळवारची घातली. शेवटी लिहिलं, 'मागील भिंत धोकादायक असल्याने ती तात्काळ उतरवून घेण्याची समज घरमालकास दिली असे.' मला नोकरी जाण्याची भीती वाटली होती.

तिसऱ्या दिवशी त्याची सही घेतली. त्याला वाचता येत होतं. "मदतीचा कागद आहे," असं मी म्हणालो. त्यानं न वाचता सही केली.

मयताच्या मदतीचा प्रस्ताव त्याच ओळीवर बोट ठेवून परत आला. बायकोच्या भावांनी तहसीलमधून नक्कल काढली. सरकारनं सांगूनही यानं आळसानं भिंत पाडली नाही, असं त्यांनी धरलं आणि मुलीला घेऊन गेले. गावातही हळूहळू तेच बोललं जाऊ लागलं. कोतवाल आणि त्या दिवशी चावडीत हसलेले लोक गप्प राहिले. त्यांना माझ्याकडून उतारे लागत.

पुढच्या वर्षी तो नक्कल घेऊन माझ्याकडे आला. घडीवर फाटत आलेला कागद त्यानं टेबलावर सरळ केला.

"भाऊसाहेब, हे तुमी मला कवा सांगितलं हुतं?"

आवाजात राग नव्हता. त्याला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. मला तेव्हा बोलता आलं असतं, खोलीत आम्ही दोघंच होतो.

"मंगळवारी सांगितलं होतं," मी म्हणालो. "तुझ्या लक्षात राहिलं नसेल."

त्यानं त्या ओळीवरून बोट फिरवलं. "आसंल," म्हणाला. "माझं डोकं ठिकानावर नव्हतं तवा." मग कागदाची घडी घातली. "मला वाटायचं, मीच तुमाला इचारलं हुतं."

माझी बदली झाली, पुढे निवृत्त होऊन नगरला स्थायिक झालो. तो त्याच गावात एकटा राहिला. दर दिवाळीला मुलीला भेटायला मेहुण्यांच्या दारापर्यंत जायचा आणि ती बाहेर येत नसे, हे मला नंतर कळलं. चार वर्षांपूर्वी तो गेला. तो जिवंत असेपर्यंत मी त्या गावाला गेलो नाही. एसटीनं दीड तासाचा रस्ता होता.

मुलगी आता संगमनेरला असते, तिला स्वतःची मुलं आहेत. गेल्या महिन्यात पत्ता काढून मी तिच्याकडे गेलो. ओसरीवर बसून सगळं सांगितलं. तारीख खोटी, समज खोटी. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मध्ये एकदाच बोलली.

"त्यांनी तुम्हाला विचारलं होतं? भिंत पाडू का म्हणून?"

"हो. दोनदा."

"दोनदा," ती म्हणाली आणि आत गेली.

मी थांबलो. बऱ्याच वेळानं तिचा नवरा बाहेर आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "नगरची गाडी साडेचारला आहे." मी चप्पल घातली आणि स्टँडवर आलो.