कुठलं पॉझिटिव्ह?

वॉशिंग्टनच्या बाहेर, मेरीलँडमध्ये, कॅमेरूनमधल्या बामेंडाकडच्या बायकांची भिशी भरायची. मा सिरी दारातून आत आली की कुणीतरी ओरडायचंच, "घागरे सांभाळा गं बायांनो, आली!" मग खसखस पिकायची. सिरी अंगाने आडवी, आवाजाने त्याहून आडवी. दिवसभर वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवायचं-बसवायचं आणि उरलेला वेळ आपल्या बायकांच्या मागे लागायचं. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केलीस का? कधी करणार? का नाही? कॅमेरून सोडून वर्षानुवर्षं झाली, ह्या बायका दाढ दुखली तर डॉक्टरकडे जात, पण त्या जागेचं नाव काढलं की सगळ्यांना एकदम स्वयंपाकघरातली कामं आठवत.

सिरीला हे वेड उगाच लागलेलं नव्हतं. तिची मावशी बामेंडात ह्याच दुखण्याने गेली. तिला मागच्या खोलीत ठेवलं होतं, आणि दारं-खिडक्या उघड्या टाकल्या तरी त्या खोलीतला वास हटत नव्हता. घरचे म्हणाले, करणी झाली. पुढे सिरी इथे येऊन शिकली तेव्हा तिला त्या करणीचं खरं नाव कळलं, आणि आपण सगळे मिळून किती मूर्ख होतो ह्याचा संताप तिच्या डोक्यात बसला तो कायमचा.

लुमला मात्र तिने दोन वर्षं विनवलं तरी ती बधत नव्हती. लुम म्हणजे सिरीची जिवाभावाची मैत्रीण, वयाने थोडी लहान. अळकुड्या उकडून, कुटून केलेला अचू आणि त्यावरचा पिवळा रस्सा खावा तर लुमच्या हातचा, असं सगळे म्हणत. नवरा फ्रू लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आठवडा-आठवडा बाहेर. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली.

एका नव्या बाळाच्या जेवणात, रिवाजाप्रमाणे बायका एकमेकींच्या मानेला पांढरी पावडर फासून नाचत असताना, सिरीने तिला कोपऱ्यात गाठलं.

"लुम, ज्या दारातून चार पोरं काढलीस, त्या दाराकडे एकदा कुणाला बघू दे की."

"मा सिरी, ती वाट बाळंतपणाची. बाळंतपणं संपली, वाट बंद."

"बंद घरालाच वाळवी लागते, बये."

"आणि बघणार कोण? कुणीतरी कालचा पोरगा, हातात मोजे घालून?"

"बाई आहे डॉक्टर. आणि मी आत येते तुझा हात धरायला."

"हात धर. तोंड मात्र बंद ठेव, नाहीतर सगळ्या दवाखान्याला कळेल."

गेल्या दोघी. लुमने डोळे घट्ट मिटून सिरीच्या बोटांचा चुरा केला आणि पाचच मिनिटांत बाहेर येऊन म्हणाली, "एवढंच? ह्याच्यासाठी दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस?" सिरीला तो दिवस सणासारखा वाटला. पुढे तो आठवला की ती मान फिरवायची.

काही दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. लुम अळकुड्या कुटत होती, हात चिकट, फोन खांद्यावर दाबलेला. पलीकडची नर्स भरभर बोलत होती. घाबरण्यासारखं काही नाही, पण एचपीव्हीची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, पुढच्या तपासणीला या. लुमला त्यातली दोन अक्षरं कळली आणि एक शब्द कळला.

बामेंडात त्या शब्दाचा एकच अर्थ होता. तो डॉक्टरही मोठ्याने म्हणत नसत. अमकी पॉझिटिव्ह आहे म्हटलं की तिचं ताट वेगळं, बादली वेगळी, आणि ती मेली की चटई जाळायची. कुठलं पॉझिटिव्ह, असं तिथे कुणी विचारायचं नाही. मराठी मुलखात ध चा मा झाला आणि एक जीव गेला, तसंच इथे झालं. पी चा आय झाला आणि लुमने फोन ठेवून दिला.

त्या संध्याकाळी तिने आपली एक ताटली, एक कप आणि एक चमचा वेगळा काढला. फ्रू फेरीहून परतला तेव्हा त्याचं अंथरूण मुलाच्या जुन्या खोलीत घातलेलं होतं. त्याला वाटलं, बायकोच्या मनात दुसरं कुणीतरी आहे. तिला वाटलं, ट्रकवरच्या रात्रींनी हे घरात आणलं. दोघांनी एकमेकांना एक अक्षर विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ह्या दोन मुठींत नुसतं विष होतं. दवाखान्याचे फोन येत राहिले, तिने तो नंबर बंद करून टाकला. पत्र आलं ते न उघडता फाडलं.

सिरी तिच्या घरी गेली तर लुमने दार किलकिलं केलं आणि एवढंच म्हणाली, "मा सिरी, तू केलंस ते देव बघतोय." आणि दार लावून घेतलं. आपल्या लोकांत बंद झालेलं दार पुन्हा वाजवायचं नसतं, ते उघडणाऱ्याने उघडायचं. सिरी पायऱ्यांवर उभी राहून विचार करत राहिली, आपण तिच्याविषयी भिशीत काही चेष्टा केली का? तिने दवाखान्यात विचारलं, तर ते म्हणाले, दुसऱ्याचा निकाल आम्ही सांगत नाही. मग तिने मनाची समजूत घातली की काही वावगं असतं तर त्यांनी लुमला कळवलंच असतं. कळवलं होतंच की!

वर्षावर काही महिने उलटले. आणखी एका बाळाचं जेवण होतं, आणि लुम आली. बाळ तिच्या बहिणीच्या लेकीचं, न येऊन चालणार नव्हतं. गाल बसलेले, कपडे अंगावर लोंबत होते. पिशवीतून तिने स्वतःची ताटली काढली, स्वतःच्या चमच्याने दोन घास खाल्ले आणि बाळाला हात न लावता मागच्या अंगणात निघून गेली. अंगावर अत्तर इतकं ओतलेलं की बायका नाकाला रुमाल लावून हसल्या. सिरी हसली नाही. अत्तराच्या खालचा वास तिला ओळखीचा होता.

ती मागोमाग अंगणात गेली. "कधीपासून रक्त जातंय, लुम?"

लुमने तिच्याकडे पाहिलं. "त्या रोगात जातच असेल. तूच नेलं होतंस ना मला? तुला माहीत नाही?"

"कुठला रोग?"

"मी पॉझिटिव्ह आहे."

"कुठलं पॉझिटिव्ह?"

"म्हणजे काय? पॉझिटिव्ह किती प्रकारचं असतं?"

सिरी गवतावरच बसली. "अगं वेडे," ती म्हणाली, आणि तिचा तो दांडगा आवाज कुठे गेला कोण जाणे, "त्यांनी एचपीव्ही म्हटलं असेल. तो गर्भाशयाच्या तोंडाचा विषाणू, निम्म्या जगाला होऊन जातो. तुला एचआयव्ही नाही. आणि असतं तरी काय? इथे गोळ्या खाऊन माणसं म्हातारी होतात, मी रोज अंघोळ घालते त्यांना!"

"माझी ताटली..." लुम म्हणाली.

सिरी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेली. तपासण्या झाल्या, मोठ्या यंत्रातून फोटो निघाले. डॉक्टरीणबाई खुर्ची जवळ ओढून हळूहळू बोलली. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, तो मूत्राशयापर्यंत आणि वरच्या गाठींपर्यंत गेला आहे. दुसरी चाचणीही केली होती. एचआयव्ही नाही.

गाडीत बसल्यावर लुमने फ्रूला फोन लावला. कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज मोकळा झाला होता. "अहो, मला ते नाहीये! तुम्हालाही नसणार. नाही नाही, कॅन्सर आहे. नुसता कॅन्सर!" आणि ती हसायला लागली, रडत रडत हसायला लागली. सिरीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, कारण तिला पुढचं काही दिसत नव्हतं.

हसणं ओसरल्यावर लुमने विचारलं, "त्यांनी फोन केला तेव्हाच आले असते तर?"

सिरी वृद्धाश्रमात रोज खोटं बोलायची, मुलगा उद्या येणार आहे, पाय लवकरच बरा होईल. इथे तिला ते जमलं नाही. "बहुधा थोडंसं कापून भागलं असतं. संध्याकाळी घरी आली असतीस."

"मग हे सांग सगळ्यांना," लुम म्हणाली. "मी गेल्यावर. हॉलमध्ये, जेवायच्या आधी. जेवणानंतर कुणी ऐकत नाही."

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. शेवटच्या महिन्यांत फ्रूने ट्रक सोडला आणि तिचं बेडपॅन स्वतः उचललं.

मरणाच्या जेवणाला, आपल्याकडे ज्याला क्राय-डाय म्हणतात त्याला, हॉल गच्च भरला. सगळ्यांच्या अंगावर एकाच छापाचं कापड. पाद्री म्हणाला, अल्पशा आजाराने. आपल्यात सगळे अल्पशा आजारानेच मरतात. सिरी उठायला लागली तसा फ्रूने तिचा हात धरला. "मा सिरी, बाईमाणसाच्या जागेचं नाव... चारचौघांत नको."

"नी फ्रू," थोरल्या पुरुषाला म्हणायचं तसं मानाने ती म्हणाली, "तुम्ही तिच्यावर संशय घेत बसलात आणि मी रुसून बसले. ती चारचौघांना घाबरूनच मेली. आता तरी बोलू द्या."

आणि ती बोलली. जागेचं नाव घेतलं, रोगाचं नाव घेतलं, आणि पॉझिटिव्ह म्हणजे एकच गोष्ट नव्हे, हे तीनदा, इंग्रजीत, बाजारातल्या पिजिनमध्ये आणि आपल्या बोलीत सांगितलं. पुरुष बुटांकडे बघत होते. मागून एक म्हातारी म्हणाली, "मेलेलीची अब्रू काढली मेलीने." कुणी टाळी वाजवली नाही. ढोल सुरू झाले, ताटं फिरली. आपण बोललो ते वाऱ्यावर गेलं, असं वाटून सिरी कोटांच्या खोलीत जाऊन एकटीच उभी राहिली.

तिथे अंगवी आली. शुक्रवारच्या गायनमंडळीतली पोर, कडेवर तान्हं. दार ओढून घेत कुजबुजली, "मा सिरी, मलापण फोन आला होता. उन्हाळ्यात. पॉझिटिव्ह म्हणाले. मी बाळाला दूध पाजायचं बंद केलं."

"काय म्हणाले? पी की आय?"

"मला ऐकू आलं नाही. मी फोन ठेवला."

शनिवार होता. दवाखाना सोमवारी उघडणार होता. सिरीने बाळ आपल्या कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने अंगवीचं मनगट पकडलं, आणि तिला सोमवारपर्यंत तिच्या घरी जाऊ दिलं नाही.