कादंबरीत नसलेली चिमणी

द्राहोमिराबाई उकडलेले बटाटे घालून कणीक मळत होत्या, तेवढ्यात दार वाजलं. गावच्या दिवंगत मास्तरांच्या कादंबरीवर सिनेमा काढणारा दिग्दर्शक रादोवान आला होता.

“बूट काढ आधी. त्या सपाता घाल,” बाईंनी पिठाच्या हातानेच खूण केली.

कादंबरीतला लाकूड गिरणीवाला म्हणजे बाईंचे गेलेले यजमान व्हेंडेलिन, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

“आजी, पुस्तकात ते एकदाही हसत नाहीत. तसंच दाखवू ना?”

“मास्तरांनी त्याला गिरणीतच पाहिला. करवतीपुढे हसत बसला असता तर बोटं गेली असती!”

रादोवानला हसू आवरेना. बाई मात्र मळायच्या थांबल्या. आता सिनेमात पाहून नातवंडंही म्हणणार, आमचे आजोबा तुसडे होते.

“लग्नाआधीच्या हिवाळ्यात आम्ही मुली उशांसाठी हंसांची पिसं कडक देठांवरून सोलत बसलो होतो. श्वाससुद्धा जपून घ्यायचा, नाहीतर पिसं उडतात. आणि या वात्रटाने दार किलकिलं करून आत चिमणी सोडली! घरभर पिसंच पिसं. बाकीच्या त्याला शिव्या घालत होत्या आणि मी वेडी हसत सुटले. त्याचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.”

“पण आजी, हे कादंबरीत कुठेच नाही.”

“कसं असेल? मास्तर कुठे होते तिथे?” बाईंनी एप्रनला हात पुसले आणि त्याच्यासमोर बसल्या.

“बाकी सगळं पुस्तकातलं ठेव, बाळा. फक्त त्याला एकदा चिमणी सोडू दे.”