साहेबांना विचारून सांगतो

माझ्या सोप्यात आम्ही चौघी शिलाई मशीन मांडून बसतो. हात चालू असले की तोंडही चालतं आणि निवडणुकीत तर कामाइतकेच किस्से साठतात. त्यातले काही आता सांगून टाकते. कोल्हापूरहून गगनबावड्याला जाताना आमचं गाव लागतं. गावाचं गायरान एका कंपनीला गोदामासाठी हवं होतं. आमच्या म्हशी तिथंच चरतात, त्यामुळं आम्ही हसायचो, पण कान उघडे ठेवून.

*

ग्रामपंचायतीला दोन पक्षांची दोन पॅनेलं उभी होती. दोघांच्या झेंड्यांचं कापड आमच्याकडं शिवायला एकाच जीपमधून आलं. जीप कंपनीची, उतरवून घेणारे साहेबही कंपनीचे.

आमच्यातली सुशीला तशी कमी बोलते. पण तिनं विचारलं, "साहेब, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?"

"आम्ही विकासाच्या बाजूचे, ताई."

"मग त्याचं कापड राहिलं वाटतं जीपमधी."

*

उपरणी दुपदरी शिवायची होती. घाईत आमच्यातल्या अक्काताईनं एका पॅनेलचं कापड वर आणि दुसऱ्याचं खाली लावलं. गठ्ठाभर उपरणी तशीच शिवून झाली. न्यायला आलेल्या कार्यकर्त्याला ती म्हणाली, "चुकलं बाबा माझं. उसवून देतो."

त्यानं उपरणं उलटंपालटं करून बघितलं, गळ्यात घातलं.

"ऱ्हाऊ दे मावशी. असलीच आणि शिवा की."

*

बायकांच्या राखीव जागेवर एका पॅनेलनं सुशीलाला उभं केलं होतं, तीही निवडून आली. सरपंचपद एका पॅनेलला गेलं. उपसरपंच कोण यावर दोन्हीकडं भांडण जुंपलं, तेव्हा कुणालाच त्रास न देणारी बाई म्हणून तिचं नाव निघालं. तिच्या घरी पेढे घेऊन आलेला एकजण म्हणाला, "वहिनी, तुम्ही फक्त सही करायची."

"वाचून करीन," सुशीला म्हणाली. पेढ्याचा बॉक्स त्यानं खाली ठेवला, पण चहाला काही थांबला नाही.

*

हळदीकुंकवाला सरपंच स्वतः वाणाचे स्टीलचे डबे वाटायला आले. झाकणावर कंपनीचं नाव. मी म्हटलं, "भाऊ, गायरानाचं काय ठरवलंय तुम्ही?"

"साहेबांना विचारून सांगतो."

अक्काताईनं डबा परत त्यांच्या हातात दिला. "मत मागायला मातर तुम्हीच आलतासा."

*

मग ग्रामसभा लागली. विषय एकच, गायरान. आम्ही सकाळीच घरोघरी फिरलो, त्यामुळं हॉल बायकांनी भरला होता. साहेब सरपंचांच्या शेजारी खुर्चीत.

अक्काताई उठली. "ह्ये पावणं आपल्या गावचं मतदार हायत काय?"

ग्रामसेवक हळूच म्हणाले, "नाहीत."

"मग त्यास्नी भाईर बसवा, चहा द्या. घरचं बोलणं हाय."

साहेब बाहेर गेले. सरपंचांनी ठराव वाचायला घेतला. मी विचारलं, "जमीन किती वर्षांसाठी द्यायची?"

सरपंचांनी दाराकडं बघितलं. विरोधी पॅनेलच्या पुढाऱ्यानंही बघितलं.

"एक मिनिट. विचारून येतो," सरपंच म्हणाले आणि दोघंही बाहेर गेले.

सुशीलानं ग्रामसेवकांना विचारलं, "सरपंच नसताना सभा कोण चालवतं?"

"उपसरपंच."

ती जाऊन मधल्या खुर्चीत बसली. पदर सारखा केला. "गायरान गावाकडंच राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

दोघं परत आले तेव्हा हॉलभर हात वर होते.

"ह्ये काय चाललंय?" सरपंचांनी विचारलं.

"मतदान," अक्काताई म्हणाली. "साहेबांचं काय ते कळलं. आता तुमचं सांगा."