घरातल्याचा पहिला हक्क

माठ घेताना वाजवून बघतात ना, तसा घर बघायला आलेला तो माणूस आमची भिंत बोटांनी वाजवत होता. सासऱ्यांच्या माघारी अर्धं घर दिराचं न् अर्धं आमचं, म्हणजे हे गेल्यापासून माझं न् कडेवरच्या पोरीचं. दीर त्यांचं अर्धं विकायला निघालेत. पोरीला कडेवर सावरत मी बोलले, "भावजी, परक्याला द्यायच्या आधी तू घेतीस का म्हणून मला विचारायला लागतं. कायदाय तसा."

"सातवी नापास, अन् मला कायदा सांगतीस?" ते हसले.

"वकीलबाईंनी सांगितला. ऐकायला कुठं पास व्हावं लागतं?"

घरात जेवायला मी शेवटी, काही कळायलाही शेवटी. या एकाच ठिकाणी कायद्यानं मला पहिली उभी केलीय. तिथून मी हलणार नाही. पैसे नाही जमले तर नको म्हणेन, पण ते नको मीच म्हणेन.