शालनच्या नावाचं गाऱ्हाणं

जन्माच्या वेळी ठेवलेल्या पुरुषी नावाने कुणी हाक मारली, की शालन मागे वळून पाहायची. जणू त्या नावाचा माणूस तिच्या पाठीशीच उभा आहे. मग म्हणायची, "तो नाय हो हंय. तो मुंबयक गेलो. इलो की सांगतंय."

आचऱ्याच्या देवळाच्या पायरीवर ती अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायची. संध्याकाळी वाचनालय बंद करून मी तिच्याजवळ बसत असे. तृतीयपंथीयांसाठी कायदा आला, तेव्हा ओळखपत्रासाठी ओरोसच्या जिल्हा कचेरीत मीच तिच्यासोबत गेले. तिथल्या कारकुनाने मान वर करून विचारलं, "आपलं नाव?" परतीच्या एसटीत ती तेवढंच बोलत राहिली. "आपलं म्हणालो गो बाय! आपलं!"

दुसऱ्या दिवशी ती नारळ घेऊन तात्यांपुढे उभी राहिली. तात्या गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि जमलेले लोक 'होय म्हाराजा' म्हणून त्याला रुकार देतात.

"सरकाराक चलता गो," तात्या म्हणाले, "पण देवाक?"

"देवानच माका अशी घडयल्यान, तात्यानू. त्येका काय नवीन?"

तात्या हसले. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक शालन..." लोकांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग एकेक करत होकार आला. तिने पदराने डोळे टिपले.

एकच गोष्ट ती मला पुन्हा पुन्हा सांगायची, "मी मेलंय की माका लुगड्यातच न्हेवक होया. धोतर नेसवल्यानी तर उठान बसतलंय."

पावसाळ्यात साध्या तापाने ती गेली. भाऊ मुंबईहून आला आणि तिला आत ठेवून दार लावू लागला. मी ओळखपत्र दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "कायदो जित्या माणसाक. मेल्यार घरच्यांचा चलता." लावलेलं दार उघडलं तेव्हा तिचे केस कापलेले होते, अंगावर धोतर होतं. ती उठून बसली नाही.

तेरावं झाल्यावर, घरात पीडा राहू नये म्हणून भावाने देवळात नारळ ठेवला. तात्या नावापाशी अडले.

"नाव घेवा, तात्यानू."

तात्यांनी खाली बघत जुनं नाव घेतलं. या वेळी कुणीही थांबलं नाही. सगळे एका आवाजात म्हणाले, "होय म्हाराजा."

त्या नावाचा माणूस कुठे दिसतो का, म्हणून मी मागे वळून पाहिलं. पायरी रिकामी होती.